श्रद्धाची हुबेहूब पिशवी

१

गुणमालाबाई मगदूमांनी कपाट उघडलं, पिशवी छातीशी धरली, डोळे मिटले आणि पुढच्या क्षणी अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ही न्हवं! ही माझ्या श्रद्धाची न्हवं!"

दिसायला पिशवी तीच होती. तोच तपकिरी रंग, तेच सोनेरी बक्कल, त्यावर तीच परदेशी अक्षरं. आत श्रद्धाचा कंगवा, रुमाल, अर्धवट संपलेलं गोळ्यांचं पाकीट, सगळं जागच्या जागी होतं. पण आईच्या नाकाला कोण फसवणार? पिशवीला नव्या रेक्झिनचा वास येत होता.

श्रद्धा त्यांची थोरली लेक. पुण्यात नोकरीला होती. ऑफिसच्या कामानं सिंगापूरला गेली तेव्हा तिनं ही पिशवी आणली, आणि तिची किंमत घरात कुणाला कधी सांगितली नाही. गेल्या वर्षी सांगलीला घरी येताना कराडच्या मलकापूरजवळ हायवेवर तिच्या गाडीला अपघात झाला. पोरगी गेली आणि पिशवी मात्र ओरखडासुद्धा न पडता घरी आली. देवाचा हिशेब कधीकधी असा डोक्यात तिडीक आणणारा असतो.

तेव्हापासून गुणमालाबाई रोज सकाळी अंघोळ झाली की बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायच्या आधी कपाट उघडत, पिशवी थोडा वेळ छातीशी धरत आणि परत ठेवून देत. मध्ये काही दिवस त्या बाहुबलीच्या तीर्थावर धर्मध्यानासाठी राहून आल्या. परतल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा प्रकार झाला.

आता अशी हुबेहूब नकली पिशवी आणणार कोण? घरात सगळ्यांची नजर एकीकडेच वळली. धाकटा मुलगा अतिशय याची बायको भार्गवी ही साताऱ्याची. प्रेमविवाह करून जैनाच्या घरात आलेली. आणि तिची आई साताऱ्यात दुकान थाटून नकली पर्साच तर विकत होती.

ती आई म्हणजे प्रमोदिनी. नवरा अकाली गेल्यावर तिनं मोती चौकात 'भार्गवी पर्स सेंटर' काढलं. साताऱ्याच्या बायका मासिकातलं पान फाडून आणत, एखाद्या नटीच्या खांद्यावरची पर्स दाखवत आणि म्हणत, "अगदी अशीच द्या हो, पण आमच्या ऐपतीतली." प्रमोदिनी तशीच पर्स बनवून आणायची. यात फसवणूक अशी नव्हती. देणारीला ठाऊक, घेणारीला ठाऊक. फसायची ती शेजारीण, आणि तिला फसवायला कुणाचीच ना नसायची.

शेजारच्या मेडिकलवाल्याकडे तिच्यासाठी सांगलीहून फोन आला. पलीकडे व्याही जिनपाल मगदूम होते.

"विहीणबाई, थोडे दिवस लेकीला घिऊन जावा," ते म्हणाले. "घरात लय इपरीत झालंय. आमची मंडळी अन्न घ्यायची थांबलीया. सून समोर आली की चोर म्हणतीया."

प्रमोदिनी मिळेल त्या एस.टी.नं सांगलीला पोचली. दारात भार्गवी उभी होती. आई दिसल्यावर लेक गळ्यात पडेल असं तिला वाटलं होतं. भार्गवी जागची हलली नाही.

"आई, तू का आलीस?" ती एवढंच म्हणाली.

प्रमोदिनी आत गेली. टेबलावर ती पिशवी ठेवलेली होती. तिनं ती उचलून उलटी केली आणि शिलाई बघितली. अशाच पर्सा चार दिवसांपूर्वीच्या पार्सलातून तिच्या दुकानात आल्या होत्या आणि आत्ता या घडीला तिच्या शोकेसमध्ये टांगलेल्या होत्या.

२

प्रमोदिनीच्या बहुतेक पर्सा कुपवाडच्या एमआयडीसीजवळ सिद्धू नावाचा कारागीर शिवायचा. ही शिलाईही त्याचीच, यात शंका नव्हती. शाळेतल्या बाईंना अक्षरावरून पोर ओळखता येतं तसं तिला शिलाईवरून ओळखता यायचं. आणि सिद्धूला या घरात ओळखणारं पहिलं माणूस म्हणजे भार्गवी. लहानपणी आईचं बोट धरून ती त्याच्या शेडमध्ये जायची.

ओठ आपलेच आणि दातही आपलेच, बोलायचं कुणाला? प्रमोदिनीनं लेकीला माडीवर नेलं आणि दार लावून घेतलं.

"भार्गवी, माझ्या डोळ्यात बघून सांग. तू केलंस का हे?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? खाली तुझ्या सासूबाई जेवायच्या थांबल्यात. उद्या सगळ्या पेठेत होईल की मगदूमांच्या सुनेनं मेलेल्या नणंदेची पर्स लांबवली. हे घर तू किती हट्टानं मिळवलंस, आठवतंय ना? ते एका पर्सपायी घालवणार आहेस?"

भार्गवीचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "आई, तुझ्या पाया पडते. तू यात पडू नकोस. दोन दिवस राहा आणि परत जा. मी कुठं जायची नाही."

"म्हणजे तुला ठाऊक आहे कुणी केलं ते?"

भार्गवी खिडकीकडे वळली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच की काय, असं एक क्षण प्रमोदिनीला वाटून गेलं. पोटच्या पोरीबद्दल असं वाटणं किती वाईट असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तिला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं.

खाली गुणमालाबाई, घरातल्या सगळ्यांच्या अक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. भार्गवीच्या लग्नात शालू सावरत हिंडणारी धिप्पाड बाई आता अर्धी राहिली होती. जिनपालांनी पुष्कळ विनवल्यावर सूर्य मावळायच्या आत त्यांनी कशीबशी अर्धी भाकरी घेतली. वाढायला आलेली घरकामाची रंगूबाई प्रमोदिनीच्या कानाशी म्हणाली, "अक्का आळणी खात्यात. श्रद्धाताई गेल्यापास्नं मीठ सोडलंय त्यांनी."

"डॉक्टरांनी सांगितलं का?"

"न्हाई वो. आपल्या आपण. कुणी इचारलं तर सांगत बी न्हाईत."

प्रमोदिनी विहिणीजवळ बसली. "विहीणबाई, माझ्या मुलीनं हे केलं असेल तर मी तिला तुमच्या पायावर घालीन. पण मला शोधायला वेळ द्या."

गुणमालाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग फार नव्हता, नुसता थकवा होता. "शोधा की. तुमची पोर तुमास्नी परत मिळंल. माझी त्या पिशवीतनं तेवढी रोज सकाळी भेटायची. आता ती बी ग्येली."

प्रमोदिनीनं टेबलावरची पिशवी उचलली आणि हाताला चाळा म्हणून तिच्या हातात धरायच्या बंदावरून बोटं फिरवली. ती बोटं मध्येच थांबली. बंद रेक्झिनचा होता.

३

ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. रेक्झिनच्या पर्सला रेक्झिनचाच बंद लावला तर हाताच्या घामानं तो चिरफाळतो, आणि हातात धरताक्षणी नकली माल कळतो. म्हणून सिद्धू अंग रेक्झिनचं करायचा, पण बंद मात्र न चुकता खऱ्या कातड्याचा लावायचा. गिऱ्हाइकाचा हात जिथं पडतो तिथंच खरं कातडं, म्हणजे बाकीचंही खरं वाटतं. प्रमोदिनीच्या धंद्याची सगळी खुबी त्या वीतभर बंदात होती. शोकेसमधल्या पर्सांनाही कातडी बंदच होते.

मग ह्याच एका पिशवीला का नाही? जिला दिवसाउजेडी एका आईच्या हाती द्यायचं होतं, तिच्यातच ही खोट का ठेवली?

रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी तिनं एकेकाला गाठायला सुरुवात केली.

रंगूबाई अंगण झाडत होती. "मी न्हाई बाई त्या कपाटाला हात लावला कवा," ती म्हणाली. "किल्ली देवघराच्या खुंटीला असती. घरातलं कुनीबी काढंल. पर अक्का बाहुबलीला ग्येल्यावर त्या खोलीत कोन जातंय?"

"जिनपालअण्णा जातात?"

"अण्णा? ताई गेल्यापास्नं त्यांनी उंबरा वलांडला न्हाई त्या खोलीचा."

जिनपाल हळदीच्या पेठेत जायला निघाले होते. हा माणूस आवाज न चढवता बोलणारा. ते पुन्हा बसले. "खरं सांगू का विहीणबाई? ती पिशवी घरात नसती तर बरं झालं असतं असं मलाबी वाटायचं. वस्तू जपून माणूस येतंय व्हय माघारी?" त्यांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली. "मी म्हटलं, हिचं मन दुसरीकडं लावू. यंदा चातुर्मासाला मुनिमहाराज हायत सांगलीत. हिची जल्माची इच्छा, की महाराजांचा आहार, दिसातलं एकच जेवण त्यांचं, आपल्या घरी व्हावा. मी म्हटलं, बोलावू. तर नगं म्हणाली. जी बाई चाळीस वर्सं हेच मागत हुती ती नगं म्हणाली! तरी मी आणि अतिशयनं ठरवलं, ती बाहुबलीहून आली की बोलवायचंच."

"तुम्ही कधी कुपवाडला सिद्धूकडं गेलाय?"

"कोण सिद्धू?" त्यांनी विचारलं. तो चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता.

अतिशय कामावर निघायच्या घाईत होता. तो कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. सिद्धूकडचं पार्सल उचलून साताऱ्याच्या एस.टी.त चढवायचं काम तोच करायचा. शांत आणि आर्जवी मुलगा. प्रमोदिनीचा आवडता जावई.

"मामी, होईल सगळं नीट," तो स्कूटर पुसत म्हणाला. "अक्का दुःखात आहे. थोडे दिवस गेले की विसरेल. भार्गवीनं तोवर जरा सांभाळून घेतलं पाहिजे."

"अरे, तुझ्या बायकोला चोर म्हणतायत."

"मला नाही तसं वाटत. मी भार्गवीला सांगितलंय तसं."

"तिला सांगितलंस. आईला सांगितलंस का?"

त्यानं फडकं डिकीत कोंबलं आणि किक मारली. त्याची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाल्यावर प्रमोदिनीच्या ध्यानात आलं की रंगूबाईनं आणि जिनपालांनी बोलणं संपवताना तिला एकच प्रश्न विचारला होता, खरी पिशवी कुठं असेल हो? जावयानं तेवढा तो विचारला नव्हता.

४

सिद्धूची पत्र्याची शेड कुपवाडच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला होती. आत खळीचा आणि रेक्झिनचा वास दाटला होता. प्रमोदिनीला पाहताच तो मशीनवरून उठला, आणि तिनं टेबलावर ठेवलेली पिशवी पाहून पुन्हा खाली बसला.

"सिद्धू, ही तुझीच ना?"

"व्हय."

"कुणी करून घेतली?"

"ताई, तेवढं इचारू नका. तुमच्याच गळ्याची आन घातलीया मला."

"बरं, नाव नको सांगू. बंद रेक्झिनचा का?"

"मी म्हनलं हुतं की. बंदाला कातडं लावू, न्हाईतर हातात धरल्या धरल्या कळंल. तर म्हनाले, कातड्याचा येक तुकडा बी नगं. खळबी तपासली, जनावराची तर न्हाई म्हनून."

प्रमोदिनी स्टुलावर टेकली. पुढचा प्रश्न विचारायला तिला भीती वाटत होती. "आणि मूळ पर्स?"

सिद्धूनं कोपऱ्यातल्या फळीवरून एक गाठोडं काढलं आणि सोडलं. आत तपकिरी कातड्याचे तुकडे होते. समोरची बाजू, मागची बाजू, तळ, पट्ट्या, सगळं सुटं सुटं.

"आता तुमास्नी ठावंच हाय," तो म्हणाला. "चित्रावरनं करायची तर जमंल तशी करता येती. पर हुबेहूब पायजे म्हनलं तर मूळ उसवल्याबिगर नमुना कसा काढायचा? मी उसावली, कडा छाटल्या, कागदावर उतरवून घेतलं. मला वाटलं त्यांना ठावं आसंल. न्यायला आले तवा म्हनाले, नवी दे आनि जुनी बी दे. मी हे पुढं ठिवलं. ताई, गडी मटकन खाली बसला आनि लहान पोरासारखा रडला. म्हनला, मला ही गोडाऊनात जपून ठिवायची हुती. मग हे गाठोडं न घेताच गेला."

भिंतीवर त्याच नमुन्याच्या नव्या कोऱ्या पर्सा ओळीनं टांगल्या होत्या. प्रमोदिनीनं तिकडे पाहिलं आणि तिला आठवलं, परवाच एक कॉलेजातली मुलगी आरशासमोर गिरक्या घेत यातली एक घेऊन गेली होती. आपणच म्हणालो होतो, अगदी परदेशी वाटते गं. ती पर्स एका मेलेल्या मुलीची पर्स फाडून काढलेल्या नमुन्याची होती. आयुष्यभर हुबेहूब माल विकला त्याचा तिला कधी कमीपणा वाटला नव्हता. आज त्या भिंतीकडे तिला बघवेना.

"मला न्हवतं ठावं वो, ती पिशवी कुनाची ते," सिद्धू म्हणाला.

तिनं टेबलावरची पिशवी आणि गाठोडं उचललं, भिंतीवरची एक पर्स काढून घेतली आणि रिक्षा केली. सिद्धूनं नाव सांगितलं नव्हतं. आता त्याची गरजही नव्हती.

५

अतिशय जेवणाच्या सुट्टीत घरी आला तेव्हा सगळे बाहेरच्या सोप्यात बसले होते. प्रमोदिनीनं दोन्ही पर्सा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. भार्गवीनं त्या पाहिल्या आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, नको," ती म्हणाली.

"मला बोलू दे. तुझ्या नावाला काळं लागलंय, ते पुसल्याशिवाय मी जायची नाही." प्रमोदिनी गुणमालाबाईंकडे वळली. "विहीणबाई, दोन्ही पर्सा एकाच कारागिराच्या. ही माझ्या दुकानात विकतात ती. हिचा बंद धरा."

गुणमालाबाईंनी हात पुढं केला आणि टेकवताक्षणी मागं घेतला. "कातडं हाय."

"बरोबर. आणि कपाटात सापडली तिचा बंद रेक्झिनचा. लबाडी करणाऱ्यानं कातडी बंद लावला असता, म्हणजे लवकर कळलं नसतं. पण हे करून घेणाऱ्यानं बजावून सांगितलं, कातड्याचा एक तुकडा नको. लबाडी उघडी पडली तरी चालेल, पण कातडं नको. असं कोण म्हणेल? ज्याच्या मनात चोरी नव्हती, या घरातलं जैनाचं सोवळं होतं, तोच."

प्रमोदिनीनं दोन्ही पर्सा बाजूला सारल्या.

"आता तुम्ही म्हणाल, तुमच्यासाठी भार्गवीही असं बजावेल. मीही तो विचार केला. पण मूळ पर्स कारागिरानं उसवली तेव्हा ते बघून तो माणूस खाली बसला. त्याला ठाऊकच नव्हतं की हुबेहूब करायला मूळ उसवावी लागते. माझी मुलगी माझ्या दुकानात वाढली, तिला हे पाळण्यातच ठाऊक. तेव्हा ती नव्हे. अण्णांना कातडं चालत नाही, पण सिद्धूचं नावही ठाऊक नाही. राहिला एकच माणूस. सिद्धूला ओळखणारा, कातड्याला न शिवणारा आणि पर्स कशी शिवतात हे न कळणारा."

सगळ्यांच्या माना वळल्या. अतिशय भिंतीशी उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"अक्का, ती कातड्याची होती गं," तो हातांच्या आडून म्हणाला. "श्रद्धाताईनंच मला सांगितलं होतं. तू रोज ती उराशी धरून बस्तीत जायचीस. अण्णांनी महाराजांना बोलवायचं ठरवलं. ज्या घरात कपाटात कातडं, त्या घरात आहार कसा व्हायचा? आणि तुला हे कळलं असतं तर तू उपासतापास करून जीव दिला असतास. मी म्हटलं, तिच्यासारखीच आणून ठेवावी, तुला कळायचं नाही. खरी आपल्या हळदीच्या गोडाऊनात जपून ठेवणार होतो. पण ती…"

प्रमोदिनीनं गाठोडं सोडलं.

गुणमालाबाई सरकत पुढं आल्या. त्यांनी एकेक तुकडा मांडीवर घेतला. नाकाशी नेला. आता त्या कोसळतील असं वाटून जिनपाल उठले, पण त्या शांतपणे बोलायला लागल्या.

"मला ठावं हुतं रं."

"काय?"

"कातडं हाय ते. पोरगी सुट्टीला यायची तवा ही पिशवी जिन्याखाली ठेवायची, आत आनायची न्हाई. आईला कळत न्हाई व्हय, का ठेवती ते? मी कवा बोलली न्हाई. म्हटलं, बाहेर काय बी करू दे, घरात माझं मन राखती न्हवं. ती ग्येली, आनि मी तीच पिशवी उचलून कपाटात ठेवली. पाप हाय हे जानूनच ठेवली. म्हनून मीठ सोडलं. म्हनून महाराज नगं म्हटलं, ह्या घरात त्यांचं पाऊल कसं घालू? देवापाशी सगळं कबूल करून रोज धरत हुते मी तिला. आनि तू मला वाचवायला निघालास!"

"अगं, मला तरी बोलायचंस," जिनपाल म्हणाले.

"तुमी टाकून दिली असती."

एका घरात चार माणसं, आणि चौघांनीही दुसऱ्याचं मन दुखू नये म्हणून तोंडं शिवून घेतलेली. त्या तोंड शिवण्यानंच सगळ्यांचं वाटोळं केलं.

"विहीणबाई," गुणमालाबाईंनी विचारलं, "हे परत शिवता येतंय?"

प्रमोदिनीला खोटं बोलावंसं फार वाटलं. "कडा छाटल्यात," ती म्हणाली. "शिवली तरी लहान होईल. ती राहायची नाही."

गुणमालाबाईंनी मान हलवली. मग तुकडे बाजूला ठेवून त्या सुनेकडे गेल्या आणि तिच्यापुढं चक्क हात जोडले. "पोरी, मी तुला चोर म्हटलं. मला माफ कर."

भार्गवीनं त्यांचे हात धरले आणि ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. आईच्या गळ्यात जे पडायचं राहिलं होतं ते सगळं तिथं रडून झालं. मग तिनं डोळे पुसले आणि अतिशयकडे पाहिलं. तो पुढं झाला.

"भार्गवी, मी सांगणारच होतो. पण तुकडे बघितल्यावर मला धीरच होईना. अक्काला काय सांगू, की मी तिची…"

"म्हणून मला चोर होऊ दिलंत," भार्गवी म्हणाली. "कुणाला तरी दुखवायचंच होतं. तुम्ही मला निवडलंत."

तो पुन्हा काही बोलणार होता, पण ती माडीवर गेली आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

६

सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागलेली होती. जिनपाल स्टँडपर्यंत आले होते. "पोरी, घर तुझंच हाय, कवाबी ये," असं म्हणताना त्यांचा आवाज फुटला आणि ते पाठ फिरवून निघून गेले. अतिशय आला नव्हता. तो दारातच उभा राहिला होता आणि भार्गवीनं मागं वळून पाहिलं नव्हतं.

मायलेकी खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. ट्रंक पायापाशी होती. प्रमोदिनीला वाटत होतं, आपण लेकीचं नाव धुऊन काढलं. कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता असं कोडं एका दिवसात सोडवलं. पण लेकीच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही दिसत नव्हतं.

"राहशील थोडे दिवस," ती म्हणाली. "राग उतरला की येईल तो न्यायला."

भार्गवी बाहेर बघत होती. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आई. अक्का ओरडल्या, मी धावत गेले, पिशवी हातात घेतली आणि बंद बघितला. त्याच क्षणी कळलं, हे यांचंच काम."

"मग बोलली का नाहीस? एवढं सगळं ऐकून घेतलंस!"

"मी सांगितलं असतं तर मी सांगितलं असं झालं असतं. मला त्यांच्या तोंडून हवं होतं. एवढ्या सगळ्यांना दुखवून मी त्यांच्याशी लग्न केलं. माझ्यासाठी एकदा, फक्त एकदा, त्यांनी आईसमोर उभं राहायला हवं होतं." तिनं ट्रंक पायानं बाकाखाली सरकवली. "रोज रात्री ते उठून बसायचे. भार्गवी, म्हणायचे, आणि गप्प व्हायचे. काल रात्रीसुद्धा. काल तर ते दारापर्यंत गेले होते, अक्कांना उठवायला. मी श्वास रोखून पडले होते. मग परत आले. मला वाटलं, उद्या नक्की."

प्रमोदिनी लेकीकडे सरकून बसली.

"मी तुला म्हटलं होतं, यात पडू नकोस," भार्गवी म्हणाली. तिनं आता तोंड वळवून आईकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता आणि तेच सहन होत नव्हतं. "आता ते आपणहून बोलले असते की नाही, हे मला कधीच कळणार नाही."

कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि घंटी मारली. गाडी स्टँडाबाहेर पडली तेव्हा प्रमोदिनी लेकीचा हात हातात घेऊन बसली होती.